मुंबईहून एका दिवसात समुद्र: आधी तिथी बघा, मग किनारा ठरवा

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, एक दिवस सगळे मिळून कुठल्यातरी बीचवर जाऊया. सकाळी निघायचं, रात्री घरी. राहायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी कोणाची ना कोणाची शाळा नाहीतर ऑफिस असतंच. आणि मग रील्स यायला लागतात. कोणी काशीदचं टाकतं, कोणी दिवेआगरचं, भाच्याने तर थेट तारकर्लीचं टाकलं, अरे बाबा ते मालवणला आहे, एका दिवसात जाऊन यायचं ठिकाण नाही ते. ह्या वेळी मी म्हटलं ठरवायचं काम माझ्याकडे द्या. मग जे बघितलं, ज्यांना ज्यांना विचारलं, आणि शेवटी जाऊन आलो ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मुंबईतल्या बऱ्याच घरांत हाच घोळ चालतो आणि नेटवर सगळीकडे "मुंबईजवळचे टॉप टेन बीच" टाइपच्या याद्या आहेत, त्यात समुद्र किती वाजता कुठे असेल ह्याबद्दल एक ओळसुद्धा नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. बीच नंतर ठरवा, आधी तारीख ठरवा, आणि तारीख भरती-ओहोटी बघून ठरवा. आपल्याकडचा समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो हे शाळेत सगळेच शिकलो, पण ट्रिप ठरवताना ते कोणाच्या डोक्यातच नसतं. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत पाणी चार मीटरच्या वर वरखाली होतं. म्हणजे तोच बीच, तीच वाळू, पण सकाळी अकराला पोचलात तर सुरूच्या झाडांच्या मुळापर्यंत पाणी आलेलं आणि बसायला जागा नाही, आणि संध्याकाळी सहाला तिथेच समुद्र इतका लांब गेलेला की पाय भिजवायला चिखलातून चालत जावं लागतं. लोक मग घरी येऊन म्हणतात तो बीच बेकार आहे. बीच बेकार नसतो हो, दिवस चुकीचा असतो.

हे गणित मला आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी शिकवलं. वर्सोव्याच्या आहेत, लहानपणापासून आमच्या बिल्डिंगमध्ये येतायत, त्यांना मोबाइलमधलं अॅप वगैरे लागत नाही. त्यांनी सांगितलं, कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरलेलं. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. आणि भरतीपासून सहा तास पुढे किंवा मागे गेलं की ओहोटी. मी हे नंतर नेटवरच्या भरतीच्या वेळांशी ताडून बघितलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खरी भरती जरा उशिरा येते, पण पिकनिक ठरवायला एवढं पुष्कळ झालं. अनंत चतुर्दशीला बघा ना, चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे रात्री मोठी मंडळं चौपाटीवर पोचतात तेव्हाही पाणी भरलेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा भरलेलं. २०२५ ला लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे किती तास खोळंबलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं.

आता हे गणित पिकनिकला लावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार धरलात तर तुम्ही दहा-अकराला पोचता तेव्हा समुद्र भरत आलेला असतो, थोडा वेळ मजा येते, आणि बाराच्या पुढे, म्हणजे नेमकं सगळे जण कपडे बदलून पाण्यात उतरतात तेव्हा, ओहोटी लागते. उधाणाचे दिवस म्हणजे ओढ पण जास्त. कोकणातला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की पाण्यात उतरायचं तर भरती लागल्यावर उतरा, ओहोटीत नको, पाणी आत खेचतं. त्याउलट चतुर्थी ते षष्ठी हे दिवस बघा, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी, म्हणजे सकाळी पोचलात की समोर मोठी मोकळी पुळण, पोरांना धावायला, शिंपले वेचायला, क्रिकेट खेळायला, आणि मग पाणी हळूहळू तुमच्याकडे येत राहतं ते दुपारी तीन-चारपर्यंत. एका दिवसाच्या ट्रिपला ह्याच्यापेक्षा चांगलं टाइमटेबल नाही. अष्टमी-नवमी पण वाईट नाही, तेव्हा भांग असते, पाणी फार वर चढत नाही, फार खाली जात नाही, लाटा शांत, लहान मुलं असतील तर चांगलंच. फक्त ओहोटी ऐन बारा-एकच्या उन्हात येते आणि ती पुरती लागत नाही, तेव्हा पाण्यातून चालत कुठल्या किल्ल्यावर जायचं असेल तर ते दिवस धरू नका.

पण वद्य चतुर्थीला एक अडचण आहे, त्या दिवशी संकष्टी. आमच्या आईचा उपास, चंद्रोदयापर्यंत ती काही खाणार नाही, आणि तिला उपाशी बसवून आपण समोर सुरमई खायची हे मला पटत नाही. म्हणून आम्ही पंचमी धरली. मार्गशीर्ष वद्य पंचमी, रविवार. तारीख पक्की झाल्यावर मग कुठे जायचं ते बघायला घेतलं आणि खरं सांगते, अर्धी भांडणं तिथेच मिटली.

पहिला प्रश्न असतो कोण कोण येणार. आमच्यात आई, तिचे गुडघे दुखतात. ताईची दोन मुलं, एक पाच वर्षांचा. भावोजींना गाडी चालवायचा कंटाळा, आठवडाभर तेच करतात. आणि आम्ही गोरेगावला, ताई लालबागला. म्हणजे जिथे जायचं तिथे फार चालायला लागू नये, पाणी उथळ असावं, टॉयलेट असावं आणि दुपारी सावलीत पाठ टेकायला जागा असावी. रीलमध्ये ह्यातलं काही दिसत नाही. रीलमध्ये ड्रोन असतो.

शहरातल्या शहरात म्हणाल तर जुहू, दादर, गिरगाव चौपाटी हे संध्याकाळी भेळ खायला, त्याला ट्रिप म्हणत नाहीत. गोराई-मनोरी बरे आहेत, बोरिवलीहून किंवा मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडायची, गोराईला पॅगोडा पण होतो, आणि उत्तनपर्यंत गेलात तर कोळीवाड्यात मासे सुकत घातलेले मोठेच्या मोठे मांडव दिसतात. अर्ध्या दिवसाचा प्लॅन असेल तर नक्की जा. पण पाण्यात उतरायला मला तिथलं पाणी आवडत नाही, शहराचं सगळं तिथूनच बाहेर पडतं.

अक्साबद्दल मात्र मला नीट बोलायचंय. आमच्या ग्रुपवर दर वेळी कोणीतरी म्हणतंच की मालाडहून बस आहे, जवळ आहे, अक्साला जाऊ. नाही. बसून सूर्यास्त बघायला जा, पाण्यात एक पाऊल टाकू नका. मार्वे-मनोरीची खाडी बाजूलाच समुद्राला मिळते, तळाची वाळू सारखी सरकत असते, काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज खड्डा असू शकतो, आणि ओहोटीला ओढ इतकी की पोहता येणाऱ्यालाही आवरत नाही. तिथे बोर्ड आहेत, जीवरक्षक आहेत, शिट्ट्या मारतात, लोक ऐकत नाहीत. मी शाळेत होते तेव्हा आमच्या चाळीतला वरच्या वर्गातला एक मुलगा मित्रांबरोबर तिथे गेला तो परत आलाच नाही. त्याची आई नंतर कित्येक वर्षं गॅलरीत उभी असायची. मला हा विषय आला की राहवत नाही, म्हणून मी ग्रुपवर पण स्पष्ट लिहिलं, अक्साचं नाव काढू नका.

वेस्टर्न लाइनवाल्यांसाठी उत्तरेचा पट्टा खरं तर सोन्यासारखा आहे आणि लोक तिकडे बघतच नाहीत. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जायला लागली, म्हणजे तुम्ही चक्क लोकलने समुद्रावर जाऊ शकता, ना ट्रॅफिक, ना टोल. केळवे रोडला उतरायचं, सफाळ्याच्या पुढचं स्टेशन, तिथून रिक्षा किंवा टमटमने केळव्याला. सुरूचं बन लांबच लांब, शीतलादेवीचं देऊळ, वाळूतच उभा असलेला छोटासा पोर्तुगीज काळातला किल्ला, आणि येता-जाता पानवेलीचे मांडव. केळवे-माहीमचं पान पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. रविवारी गर्दी होते, घोडे, उंट, गाड्या सगळं येतं, पण किनारा लांब असल्यामुळे दहा मिनिटं चालत पुढे गेलं की शांत. अर्नाळा विरारहून आणखी जवळ, पण तिथे मला बीचपेक्षा बेटावरचा किल्ला जास्त आवडतो, बोटीने जायचं, तिथे वस्ती आहे, बायका जाळी विणत बसलेल्या असतात, हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला.

आणि बोर्डी. बोर्डी माझ्या मनात फार दिवस आहे. घोलवडचे चिकू, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेले, बागाच बागा, पाणी अतिशय उथळ, पाच वर्षांच्या पोराला सोडून निवांत बसता येईल असं, आणि मुंबईची गर्दी तिथपर्यंत पोचत नाही. पण ओहोटीला समुद्र तिथे फारच लांब जातो, म्हणून बोर्डीला तिथीचं गणित सगळ्यात जास्त लागू पडतं. अमावास्येच्या संध्याकाळी गेलात तर समुद्र शोधायला लागेल. ह्या वेळी लालबागवाल्यांना एवढ्या पहाटे दादरला येऊन डहाणू लोकल पकडणं जमणार नव्हतं म्हणून राहिलं.

काशीदचा हट्ट भाच्याचा. काशीद सुंदर आहे ह्यात वादच नाही, वाळू पांढरट, मागे फणसाडचा डोंगर. पण अलिबागच्याही पुढे तीसेक किलोमीटर, रेवदंड्याचा पूल ओलांडून, रस्ता वळणावळणाचा, रविवारी सगळी मुंबई-पुण्याची पब्लिक त्याच रस्त्यावर. सकाळी सहाला निघून दहा-अकराला पोचणार आणि चारला परत निघायच्या घाईत असणार. शिवाय तिथल्या लाटा जोरदार, किनारा पटकन खोल होतो, तिथे बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात. काशीदला एक रात्र राहायला जायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड, सगळ्यांना हेच लागू. एका दिवसात मुरुड-जंजिरा करून येणारे लोक आहेत, माझा त्यांना नमस्कार, पण तो दिवस गाडीत जातो, समुद्रावर नाही.

राहता राहिलं अलिबाग आणि आजूबाजूचा पट्टा. मांडवा, किहीम, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव. हे सगळे एका माळेतले पण एकसारखे अजिबात नाहीत. किहीमला झाडी जास्त, पक्षी खूप, सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास इथेच केला १९३० च्या सुमारास, आजही सकाळी लवकर गेलात तर पक्ष्यांचा गजबजाट असतो. नागावला वॉटर स्पोर्ट्स, बनाना राइड, पॅरासेलिंग, कॉलेजच्या पोरांना तेच हवं असतं, २०२५ मध्ये नागावला ब्लू फ्लॅग पण मिळाला म्हणजे स्वच्छतेकडे लक्ष आहे. अलिबागचा स्वतःचा बीच पोहायला खास नाही, काळपट वाळू, गर्दी, पण समोर कुलाबा किल्ला, आणि तो एकटाच पुरेसा आहे. आक्षी मधे. अलिबागपासून सहा-सात किलोमीटर, नागावच्या अलीकडे, तिथे सुरूचं बन दाट आणि वॉटर स्पोर्ट्सचा आवाज कमी. आक्षीला तो शिलालेख सापडला, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा, मराठीतला सगळ्यात जुना मानला जातो. ज्या गावात आपली भाषा दगडावर सगळ्यात आधी लिहिली गेली त्या गावात आपण नुसतं भजी खाऊन परत येतो, मला तरी मुलांना ते दाखवायचं होतं आणि दाखवलं.

जायचं कसं ह्यावर पण बराच खल झाला. गाडीने अटल सेतू आहे आता, जानेवारी २०२४ पासून, शिवडीहून थेट पलीकडे, पण पुढे पेण-वडखळ आहेच आणि रविवारी संध्याकाळी परतताना वडखळला अडकलात की अडकलात. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, गाडीसकट मांडव्याला, तासाभरात, पण सुट्टीच्या दिवसाचं गाडीचं बुकिंग आठवडाभर आधी करा. आम्ही आपलं साधं केलं, गेटवेहून मांडव्याची बोट, तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस येते. ह्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, तेव्हा जुलैत कोणी म्हणालं चला गेटवेहून अलिबाग तर विचारून घ्या. पावसाळ्यात तसंही पाण्यात उतरायचं नसतंच, किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, जुहूला २०१८ मध्ये जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या निळ्या ब्लूबॉटल आल्या होत्या आणि लोकांचे पाय चांगलेच भाजून निघाले होते.

पहाटे गोरेगावहून लोकल, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आधी निघालं की काही त्रास नाही. चर्चगेटहून टॅक्सी. बोटीत वरच्या डेकचे थोडे पैसे जास्त लागतात पण आईला खाली बसवलं कारण जिना उभा आहे, आणि खाली खिडकीतूनही सीगल दिसतातच, पोरं गाठ्या उडवत होती बाहेर. (पक्ष्यांना चिप्स-गाठ्या घालू नयेत असं माझं मत, त्यांच्या पोटाला ते चांगलं नाही, पण बोटीतले सगळेच घालत असतात आणि पाच वर्षांच्या मुलाला थांबवणं अवघड.) मांडव्याहून बस, नऊ-सव्वानऊला अलिबाग.

आणि समुद्र गेलेला होता. पंचमीचं गणित बरोब्बर. किल्ल्यापर्यंत सगळं ओलं वाळूचं मैदान, मधेमधे घोट्याएवढं पाणी, लोक चपला हातात घेऊन चालत होते. आईसाठी टांगा केला. ओहोटीला किल्ल्यापर्यंत टांगे जातात, चाकं पाण्यातून जातात तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते मी फोटोत पकडू शकले नाही. आत गणपतीचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचं तळं, तटावर चाकांवरच्या दोन तोफा. भाच्याला मी सांगितलं की कान्होजी आंग्रे इथून आरमार चालवायचे आणि इंग्रज, पोर्तुगीज सगळे त्यांना टरकून असायचे, तर तो तोफेजवळून हलेचना. किल्ल्यावरचे लोक ओहोटीची वेळ सांगतात, किती वाजेपर्यंत परत फिरायचं ते विचारा आणि ऐका. पाणी एकदम समोरून येत नाही, आधी किनाऱ्याच्या बाजूचा सखल भाग भरतो, तुम्हाला वाटतं अजून वेळ आहे आणि मधे कमरेएवढं झालेलं असतं. आम्ही अकराच्या आत परत किनाऱ्यावर. जाता जाता अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवली बाहेरूनच, मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम १९०४ मध्ये इथे हलवलं, मला ही गोष्ट फार आवडते.

मग मिनीडोर करून आक्षी. सुरूच्या बनातून चालत बाहेर आलं की एकदम समुद्र. एक बारकी गोष्ट सांगते जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती, आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सुरूची सावली समुद्राच्या बाजूला वाळूवर पडते, चटई तिथे टाकता येते आणि पोरांवर नजर राहते. बारापर्यंत ती सावली आखडत जाते आणि दुपारी झाडांच्या मागे, गावाच्या बाजूला जाते, तेव्हा वाळूवर थांबणं कठीण. म्हणजे सकाळी वाळूवर, दुपारी बनात. आम्ही तसंच केलं.

ओहोटीने मोकळ्या केलेल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली असते ती बघितलीय का? करंगळीच्या नखाएवढे खेकडे असतात, वाळू तोंडातून चाळून त्यातलं खाण्याजोगं काय ते घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात, बिळापासून चहूबाजूंना अशा रेघाच्या रेघा. आपण पाय आपटला की सगळे एका क्षणात आत. धाकटा तासभर त्याच्यापुढे पालथा पडून होता, मोबाइल मागितला नाही. पाणी जसं वर येत गेलं तशी रांगोळी पुसत गेली, मग पोरं पाण्यात. भरतीचं पाणी, कमरेच्या वर जायचं नाही हा नियम, आणि एक मोठं माणूस कायम पाण्याच्या बाजूला उभं, किनाऱ्याच्या नाही. हे लिहून ठेवा. पोरं आणि खोल समुद्र ह्यांच्या मधे मोठ्या माणसाने उभं राहायचं. आणि चुकून कधी ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम जातो, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत जायचं, ती ओढ पट्ट्यासारखी असते, तिच्या बाहेर पडलं की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात.

काहीजण गाड्या थेट वाळूत उतरवतात, नका हो उतरवू. वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की रुतते, आणि भरती काही तुमच्या क्रेनसाठी थांबत नाही. शिवाय त्या खेकड्यांची बिळं असतात तिथे.

जेवण. गावात "घरगुती जेवण मिळेल"चे बोर्ड असतात, पण आयत्या वेळी जाऊन सात-आठ जणांचं जेवण मिळत नाही, सकाळी दहाच्या आत फोन करून किती जण, किती व्हेज, मासा कुठला ते सांगायचं. आम्हाला बांगडा आणि सुरमई, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, आणि भावोजी व्हेज खातात त्यांना वालाचं बिरडं, ते बिरडं शेवटी सगळ्यांनीच संपवलं. जानेवारीत गेलात तर पोपटी सांगून ठेवा, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा, हवं तर अंडी-चिकन, सगळं मडक्यात भरून पालथं घालून भोवती जाळ करतात, पाण्याचा एक थेंब नाही, त्या पाल्याचा जो वास शेंगांना लागतो तो दुसऱ्या कशालाच नाही. आणि मार्चनंतर गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आणा, २०२२ मध्ये त्याला पण जीआय मिळाला, गोडसर असतो, नुसत्या भाकरीबरोबर खाता येतो.

खर्चाचं म्हणाल तर गाडी आणि टोल धरून जेवढे झाले असते त्यापेक्षा कमीच लागले, टांगा, मिनीडोर, जेवण सगळं धरून. आपला कचरा आपण पिशवीत भरून परत आणला, आक्षीच्या बनात लोकांनी टाकलेल्या बाटल्या बघून आईच म्हणाली चला दोन पिशव्या भरू, तर भरल्या.

परतीचं मात्र आधीच बघून ठेवा. मांडव्याहून शेवटची बोट रात्री उशिरा नसते, संध्याकाळीच सुटते, आणि अलिबागहून बस त्याच्या बरीच आधी निघते. सूर्यास्त बघून मग बस पकडू असं म्हणालात तर बोट चुकेल आणि मग एसटीने पनवेलमार्गे यावं लागेल. आम्ही साडेचारला आक्षीहून निघालो, सूर्यास्त बोटीतून दिसला. रविवारी ह्या बोटींना गर्दी असते, परतीचं तिकीट सकाळीच काढलेलं बरं.

आता ताई म्हणतेय पुढच्या वेळी आम्ही दादरला येतो पहाटे, पण बोर्डी करूया. मी कॅलेंडर काढून बसलेय, जानेवारी-फेब्रुवारीत पंचमी-षष्ठीचा रविवार कुठला येतो ते बघतेय, वद्य नाही मिळाली तर शुद्ध चालेल, आणि डहाणूला उतरून तिथून रिक्षा की घोलवडला उतरायचं हे अजून ठरायचंय. घोलवडला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. बोर्डीत दुपारचं घरगुती जेवण चांगलं कुठे मिळतं हे त्या बाजूच्या कोणाला माहीत असेल तर सांगा, आठ जण आहोत, एक व्हेज, आणि आईसाठी खुर्ची-टेबल असलेलं हवं, तिला खाली मांडी घालून बसता येत नाही.